मुलाची अठरा वर्षं जानेवारीत पूर्ण होतात, घरचे म्हणतात गाडी दसऱ्यालाच घ्या. काय करू?

अंगणवाडीताई (यवतमाळ जिल्हा) यांचा प्रश्न

नमस्कार. यवतमाळ–आर्णी रस्त्याला लागून एका लहान गावात मी अंगणवाडी सेविका आहे. मोठा मुलगा यंदा बारावी पास झाला, आता यवतमाळला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जातो. घरापासून कॉलेज पंचवीसेक किलोमीटर. गाव मेन रोडपासून आत आहे. फाट्यापर्यंत पायी नाहीतर कोणाच्या मागे बसून, आणि तिथून एसटी. सकाळची गाडी भरून येते, कधी फाट्यावर थांबतच नाही. पहिला तास बुडतो. मुलगा खोटं बोलत नाही, मी स्वतः फाट्यावर उभं राहून पाहिलं आहे.

त्याला १६० सीसीची गाडी पाहिजे. मित्राकडे तशी आहे. सोयाबीन विकलं की हातात पैसे येतात, म्हणून मुलाच्या बाबांचं म्हणणं की दसऱ्याला काढून टाकू, गाडी बाबांच्या नावावर करू, चालवेल तो. मी म्हटलं अठरा पूर्ण होऊ द्या, लायसन काढा, मग पाहू. तर सासरे म्हणतात, "सातवीपासून गाडी चालवून रायला तो. वावरात डबा नेते, डेअरीवर दूध घालते. त्याले काय शिकवाचं रायलं आता?"

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावचा एक मुलगा फाट्यावर ट्रकखाली गेला. तोही लहानपणापासून चालवत होता. त्याची भाची माझ्या अंगणवाडीत येते. तेव्हापासून रस्त्यावर जोरात हॉर्न वाजला तरी माझं लक्ष हातातल्या कामावरून उडतं.

"घेऊच नका" एवढंच उत्तर मला नको आहे. गाडीची गरज मला दिसते. नेमका धोका कशात असतो, सीसीमुळे किती फरक पडतो, लायसन नसताना काही झालं तर काय होतं, आणि शिकवायचं झालं तर काय शिकवायचं, हे मला घरात समजावून सांगता आलं पाहिजे. मी गाडी चालवत नाही, म्हणून या विषयात घरी माझं कोणी ऐकत नाही. चालवणाऱ्यांनी लिहा.

सेतूवाला (आर्णी)

ताई, लायसनचे फॉर्म भरणं हे माझं रोजचं काम, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो.

गिअरच्या गाडीला अठरा पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी जे लायसन मिळतं ते बिनगिअरच्या, ५० सीसीच्या आतल्या गाडीचं. ते तुमच्या कामाचं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. ही शेवटची गोष्ट मुलाला स्वतः सांगा. उद्या पोलीस भरतीत ड्रायव्हरची जागा निघाली, कुठे कंपनीत नोकरी लागली, तर त्याची पंचाईत होईल.

विम्याचं कोणी सांगत नाही, म्हणून लिहून ठेवतो. नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. पण चालवणाऱ्याकडे लायसन नसेल तर कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि तोच पैसा नंतर गाडीमालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे वावरावर येईल. विम्यासोबत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही असतो, पण तो मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे लायसन असेल तरच. गाडी बाबांच्या नावावर, चालवणारा मुलगा, लायसन नाही. अशा वेळी त्याला त्यातून काही मिळणार नाही.

जानेवारीत वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी लर्निंग काढा. आधारवरून घरबसल्या ऑनलाइन होतं. ते सहा महिने चालतं, तीस दिवसांनंतर पक्क्या लायसनची टेस्ट देता येते. टेस्टसाठी आरटीओ तालुक्याला शिबीर घेतं, यवतमाळला खेपा माराव्या लागत नाहीत. लर्निंगवर असताना पाठीमागे मित्राला बसवायचं नाही. मागे बसेल तो शिकवणाराच पाहिजे.

रोजचा प्रवासी (दारव्हा)

मी दारव्ह्याहून यवतमाळला रोज गाडीने जातो, नोकरीसाठी. मुलाचं वय आणि माझं वय फार लांब नाही, म्हणून त्याच्या बाजूने आणि रस्त्याच्या बाजूने दोन्ही लिहितो.

दसऱ्याला गाडी घेणं म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यांत नव्या हाताला रस्त्यावर सोडणं. ऑक्टोबरात लोक सोयाबीन डांबरावर वाळायला घालतात. अर्धा रस्ता त्यांनी धरलेला असतो आणि कडेला दगड मांडलेले असतात. रात्री सोयाबीन उचलून नेतात, दगड तिथेच राहतात. कुटार (सोयाबीनचा भुसा) पसरलेलं असेल तर त्यावर ब्रेक लागतच नाही, चाक त्याच्यावरून सरकत जातं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू होतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरून कोणी अप्पर मारला की ती ट्रॉली दिसतच नाही. दिवस लहान होतो, साडेसहाला अंधार. त्याचं शेवटचं प्रॅक्टिकल कितीला सुटतं ते विचारा. हिवाळ्यात तो घरी परत येईल ती वेळ आणि रोही (नीलगाय) निघायची वेळ एकच आहे.

रोह्याबद्दल त्याला एवढं सांगा की एक दिसला म्हणजे एकटा नसतो. पहिला गेला की लोक गाडी वाढवतात, आणि दुसरा अंगावर येतो. एक गेला की थांबायचं, हॉर्न वाजवत बसायचं नाही, बाकीचे जाऊ द्यायचे. डुकराचं वेगळं. ते ठेंगणं असतं, काळं असतं, डोळे चमकायच्या आत चाकासमोर असतं. तूर उभी असते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काही दिसत नाही. तुरीच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावर अंधारात चाळीसच्या वर मी स्वतः जात नाही, मागून कोणी कितीही हॉर्न मारो.

गॅरेजवाला (दिग्रस)

ताई, ठोकलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. जे लिहितो ते गाडीकडे पाहून लिहितो.

तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं पहिले घेतो, कारण ते मला रोज ऐकू येतं. सातवीपासून चालवून राहिला, कबूल. पण काय चालवून राहिला? पांदण रस्ता, दुसरा-तिसरा गिअर, वीस-पंचवीसचा वेग. समोरून आली तर बैलबंडी, तीही ओळखीची. त्या वेगात ब्रेक अर्धवट लागला तरी माणूस पाय टेकून उभा राहतो. इतक्या वर्षांत त्याला गाडी जीव खाऊन थांबवायची पाळी बहुतेक आलीच नसेल. तोच मुलगा चौपदरी रस्त्यावर साठ-सत्तरने निघतो. हात सराईत झालेला, भीती गेलेली, आणि तिथे जे लागतं ते कोणी शिकवलेलंच नाही. कालपरवा शिकलेला पोरगा घाबरून हळू तरी जातो. मला काळजी या सराईत पोट्ट्यांची जास्त वाटते. तुमच्या शेजारच्या गावच्या मुलाबद्दल मला काही माहीत नाही, पण "लहानपणापासून चालवत होता" हे वाक्य मी ठोकलेल्या गाडीसोबत आलेल्या नातेवाइकांच्या तोंडून फार ऐकलं आहे.

आता ब्रेक. गाडी आली की मी समोरचा ब्रेक दाबून पाहतो. पोरांच्या गाड्यांचा तो बहुधा ढिला निघतो, आणि काहींनी मुद्दाम ढिला करून घेतलेला असतो. कारण लहानपणी कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की समोरचा मारला की गाडी पलटी होते. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं पडतं. म्हणून गाडी थांबवायची जास्त ताकद समोरच्या ब्रेकात असते, कोरड्या रस्त्यावर साधारण ७० टक्के धरा. नुसता पायाचा दाबला तर मागचं चाक लॉक होतं, गाडी आडवी होते आणि तशीच घसरत पुढे जाते. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या मागच्या टायरवर हा घासल्याचा डाग असतो, एकाच जागी, चपटा. म्हणजे पोराने पायाने पूर्ण दाबला होता, हाताने काहीच केलं नाही. समोरचा एकदम आवळला आणि खाली गिट्टी किंवा चिखल असला तर पुढचं चाक निसटतं, हेही खरं, भीती तिथूनच आली आहे. म्हणून दोन्ही ब्रेक सोबत, समोरचा आधी हलका आणि मग वाढवत न्यायचा. हे सांगून येत नाही, हाताला वळण लागावं लागतं.

थांबायला किती जागा लागते ते घरात सगळ्यांना ऐकवा. डोळ्याला दिसलं आणि हात हलला यात एक सेकंद तरी जातो. टायर चांगला, ब्रेक चांगला, डांबर कोरडं असं धरलं तरी ४० च्या वेगाला थांबायला वीस मीटर लागतात. ६० ला चाळीस. ८० ला साठच्या वर. वेग दुप्पट झाला पण जागा तिप्पट लागली, हे पोरांच्या लक्षात येत नाही, कारण गाडीवर बसल्यावर ६० आणि ८० सारखेच वाटतात. गावातल्या विजेच्या दोन खांबांमध्ये साधारण चाळीस-पन्नास मीटर असतात. सासऱ्यांना म्हणा, अंगणातून त्या खांबाकडे पाहा, साठच्या वेगातली गाडी इथून तिथपर्यंत जाऊन थांबते. आणि रात्री डिपरवर शंभर सीसीच्या लाइटात तेवढंही धड दिसत नाही. मग लाइटापेक्षा पुढे पळून कसं चालेल?

सीसीचं विचारलं. लोक म्हणतात मोठी गाडी म्हणजे धोका. मी अर्धं मान्य करतो. १६० सीसीची गाडी पटकन वेग घेते, नव्या हाताने थोडा ॲक्सिलरेटर पिळला की ऐंशीवर जाते आणि पोराला कळतही नाही. पण एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी निदान समोरचं चाक लॉक होत नाही. १२५ आणि त्याखालच्यांना सीबीएस, पायाचा ब्रेक दाबला की समोरचाही थोडा लागतो. तुमच्या घरची जुनी शंभर सीसी असेल तर तिला यातलं काहीच नसणार. टायर गुळगुळीत, ब्रेकचे लायनर संपलेले, अशा जुन्या गाडीवर त्याला हायवेला पाठवणं मला नवीन १६० पेक्षा बरं वाटत नाही. माझं मत विचाराल तर पहिली गाडी १२५ ची, समोर डिस्क असलेली. पंचवीस किलोमीटरला ती पुरून उरते, ॲव्हरेज देते आणि ब्रेक चांगला असतो. दोन वर्षांनी त्याने स्वतः कमावून मोठी घ्यावी.

घेतल्यावर शोरूममधून बाहेर येताच पोरं आरसे काढून टाकतात. साडी गार्डही काढतात, म्हणतात गाडी बायकांची दिसते. ताई, मागे तुम्ही बसणार आहात. मागच्या चाकाचा अर्धा भाग तरी झाकलेला पाहिजे असा नियम आहे, आणि तो पदर-ओढणी चाकात जाऊ नये म्हणूनच आहे. ते काढू देऊ नका. उन्हाळ्यात आपण सगळेच डोक्याला दुपट्टा बांधतो, त्याचं टोक मागे सोडू नका, आत खोचा. आणि नवीन गाडीला स्वस्तातला पांढरा एलईडी बसवू देऊ नका. समोरच्याचे डोळे दिपतात आणि स्वतःला खड्डा दिसत नाही.

अजून एक, आणि हे मुलाला नाही, घरच्यांना. पोराचा वेग बऱ्याचदा घर ठरवतं. "येता येता युरियाची बॅग घेऊन ये" म्हणतो आपण. बॅग ४५ किलोची. ती मागे बांधली की समोरचं चाक हलकं होतं, हँडल डगमगतं, ब्रेकला जागा जास्त लागते. टाकीवर ठेवली तर हँडल पूर्ण वळत नाही. शिकाऊ मुलाला हे काम सांगायचं नाही, ट्रॅक्टर येतो तेव्हा आणा. आणि फोन. दहा मिनिटं उशीर झाला की आई फोन करते, मग बाबा, मग आजी. तो एका हाताने चालवत बोलतो नाहीतर हेल्मेटमध्ये फोन कोंबतो. निघताना त्याने एक मेसेज टाकायचा, पोचल्यावर दुसरा, मध्ये कोणी लावायचा नाही, असं घरात ठरवून टाका. "लवकर ये" हा शब्द तर बंदच करा.

वावर आणि विहीर (उमरखेड)

सगळं बरोबर आहे, पण माझा विरोध नोंदवतो. शहरातल्या माणसाला बस, रिक्षा, सगळं आहे. आमच्या पोराचा तास बुडतो, परीक्षा बुडते, मग तो शिक्षण सोडून वावरात येतो. त्याचा धोका कोण मोजणार? मुलींना मानव विकासच्या बस आहेत, चांगली गोष्ट आहे, माझी मुलगी त्यातूनच शिकली. मुलाने काय करायचं? कायदा अठराचा आहे, पण कॉलेज सतराव्या वर्षी सुरू होतं. खेड्यातल्या आईबापाला गुन्हेगार ठरवणं सोपं आहे, बस सोडणं कोणाला जमत नाही.

गॅरेजवाला (दिग्रस)

भाऊ, बसचं तुमचं शंभर टक्के खरं. एसटी फाट्यावर थांबत नसेल तर पाच गावच्या पालकांनी मिळून आगारात लेखी दिलं पाहिजे, विद्यार्थी पासधारकांची यादी जोडून. पासाला ६६.६७ टक्के सवलत सरकारने दिली ती गाडी थांबण्यासाठीच ना? तो भांडायचा विषय आहे आणि भांडलंच पाहिजे.

पण मला एक सांगा. अपघात झाला तर बुडणारं वर्ष एक नसतं. मांडीचं हाड मोडलं तर सहा महिने तर धरूनच चाला, आणि डोक्याला लागलं तर कॉलेजचं नावच राहत नाही. ताईंचा प्रश्न दसरा की जानेवारी इतकाच आहे. मधले तीन-चार महिने आहेत. बाबांनी सकाळी फाट्यावर नाही, आर्णीच्या स्टँडवर सोडून द्यावं, तिथे बस थांबतेच आणि जागाही मिळते. आठवड्यातून दोन दिवस बाबांना जमत नसेल तर गावातल्या नोकरीवाल्या कोणासोबत जावं, पण हेल्मेट स्वतःचं घेऊन.

फाट्याचं राहिलं होतं. त्या चौपदरीवर ट्रक-कार १०० ने येतात. सेकंदाला २८ मीटर. आपली गाडी थांबलेल्या अवस्थेतून निघून रस्ता ओलांडेपर्यंत चार सेकंद तरी जातात, तेवढ्यात लांबची कार शंभर मीटरच्या वर पुढे आलेली असते. "लांब आहे, निघून जाऊ" हा अंदाज तिथेच चुकतो, कारण पांदणीवर त्याने कधी इतका वेग पाहिलेला नसतो. फाट्यावर पूर्ण थांबायचं, पाय टेकायचा, उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. दुभाजकाच्या मधे जागा असेल तर अर्धा रस्ता आधी, अर्धा मग. आणि वळण दूर आहे म्हणून राँग साइडने पुढच्या फाट्यापर्यंत जाण्याची सगळ्यांना सवय झाली आहे. मोठी माणसं जातात, पोरं पाहून शिकतात. बाबांनी स्वतः ते सोडावं, नाहीतर पोराला सांगून उपयोग नाही.

सिस्टर (वणी)

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. मी फक्त डोक्याबद्दल लिहिते.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. आणि या पन्नास हजारांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्यांत आया असतात, बहिणी असतात, लग्नाला निघालेल्या मावश्या असतात. कायद्याने हेल्मेट दोघांनाही आहे, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. घेताना दोन घ्या ताई. चांगलं हेल्मेट जीव जायचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा व्हायचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी करतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांवरून निघालेलं आहे.

आयएसआयचा शिक्का पाहा, त्यावर आयएस ४१५१ लिहिलेलं असतं. रस्त्याच्या कडेला मिळणारी टोपीसारखी हेल्मेटं दंड वाचवतात, डोकं वाचवत नाहीत. आतला थर्माकोल जाड आणि घट्ट हवा, घातल्यावर डोकं हलवलं तर हेल्मेट वेगळं हलायला नको. पट्टा लावायचाच. पट्टा न लावलेलं हेल्मेट रस्त्यावर एकीकडे आणि पेशंट दुसरीकडे, असे पेशंट माझ्या हाताखालून गेले आहेत. एकदा जोरात आपटलं की ते हेल्मेट बदला, बाहेरून कितीही चांगलं दिसो. मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात डोकं उकडतं हे मलाही कळतं. आत पातळ सुती रुमाल बांधा. उन्हाळ्यातही काढू नका, लग्नसराईत तर मुळीच नाही. लग्नाच्या रात्री आमच्याकडे येणाऱ्यांत दारू प्यायलेले असतात आणि त्यांच्यामागे बसलेले न प्यायलेलेही असतात.

गावात सगळ्यांना हेही सांगा. अपघात झालेला माणूस दिसला तर १०८ लावा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. मान सरळ ठेवा, बखोटीला धरून उठवून दोघांच्या मधे गाडीवर बसवून आणू नका. लोक दयेपोटी असंच आणतात आणि मानेचा मणका जातो. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, २०१९ पासून कायद्यातच तशी तरतूद आहे. आणि मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या दवाखान्यांत सात दिवस, दीड लाखापर्यंत विनापैसे उपचार मिळतात. पैसे जमवण्यात पहिला तास घालवू नका.

अंगणवाडीताई (यवतमाळ जिल्हा)

सगळ्यांचे आभार. काल जेवण झाल्यावर मी हे सगळं घरात मोठ्याने वाचलं. मुलगा पहिले चिडला, म्हणाला तुम्ही लोकांना विचारता काय. पण गॅरेजवाल्या भाऊंचं मागच्या टायरच्या डागाचं वाचल्यावर उठला आणि बाबांच्या गाडीजवळ गेला. टायरवर डाग आहे. समोरचा ब्रेकही ढिला निघाला. मग बाबा आणि तो दोघंही बराच वेळ गाडीजवळ बसून होते.

सासऱ्यांना विम्याचं पटलं. वावरावर येईल म्हटल्यावर ते म्हणाले, "मंग जानेवारीतच घ्या." कारण कोणतंही असो, दसरा टळला. सोयाबीनचे पैसे पोस्टात टाकू. तोपर्यंत बाबा त्याला आर्णीला सोडतील. हेल्मेट मात्र आताच दोन घेऊन येते, एक माझं. अंगणवाडीच्या मीटिंगला मी कोणाच्याही मागे बसून जाते, आता घालून जाईन. बाकीच्या सेविकांनाही सांगणार आहे.

१६० की १२५ यावर अजून घरात एकमत नाही, ते होईल. गॅरेजवाले भाऊ, एक विचारायचं होतं. ब्रेकचं वळण हाताला लागावं लागतं म्हणता, ते लावायचं कसं? अठरा झाल्याशिवाय रस्त्यावर तर न्यायचं नाही.

गॅरेजवाला (दिग्रस)

ताई, रस्ता नकोच. लर्निंग हातात आलं की शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशी शाळेला विचारून घ्या, नाहीतर एखादं मोकळं खळं, जिथे माणसं-गुरं येत नाहीत. जमीन घट्ट मुरमाची पाहिजे, काळी माती नको. गाडी आधी कोणत्याही चांगल्या मेकॅनिककडून पाहून घ्या. ब्रेक दोन्ही बरोबर, टायरमध्ये हवा कंपनीने लिहून दिली तेवढीच. हवा जास्त असली तर चाक उड्या मारतं.

चुन्याने आडवी रेघ मारा. रेघेवर आलं की ब्रेक, त्याच्या आधी नाही. पहिल्या दिवशी नुसता वीसचा वेग. एकदा फक्त पायाचा, एकदा फक्त हाताचा, मग दोन्ही. प्रत्येक वेळी गाडी थांबली तिथे खडा ठेवा आणि बाबांना पावलांनी मोजायला सांगा. मुलाला स्वतःच दिसेल की दोन्ही ब्रेकवर खडा किती अलीकडे आला. मग तीस, मग चाळीस. मुरमावर चाळीसच्या पुढे नको. क्लच शेवटी दाबायचा, आधी नाही, नाहीतर इंजिनचा आधार सुटतो. नजर चाकावर नाही, पुढे. बोटं कायम समोरच्या ब्रेकवर हलकी ठेवायची.

हे जमलं की बाबांना मागे बसवून तेच सगळं परत. बाबा शिकवणारे म्हणून बसतात, तेव्हा नियमातही बसतं, फक्त त्यांचं स्वतःचं लायसन चालू आहे ना तेवढं पाहून घ्या. दोघांच्या वजनाने खडे कुठे जातात ते त्याने पाहावं. शेवटी सकाळी दव पडलेलं असताना एक दिवस, पुन्हा वीसपासून. पडण्याची भीती असेल तर लेग गार्ड ठेवा, फुलपँट, बूट, हेल्मेट. चपलेवर नाही.

त्यानंतर पहिले काही दिवस बाबांनी आपल्या गाडीवर मागे राहायचं आणि त्याने पुढे, उजेडात, गावापासून फाट्यापर्यंत आणि फाटा ओलांडून परत. मागून त्याची चूक दिसते, पुढे राहिलं तर दिसत नाही. जुन्या गाडीच्या समोरच्या ब्रेकचं काम मात्र तोपर्यंत थांबवू नका, बाबा त्याच गाडीवर मुलाला आर्णीला नेणार आहेत. केबल आणि लायनर या आठवड्यातच बदलून घ्या, फार खर्च येत नाही.